हेट्टी क्रॉलीची बारा मिनिटं

हेट्टी क्रॉलीकडे सगळी मिळून बारा मिनिटं होती. पाच गाण्याची, उरलेली बडबडीची. तेवढ्यावर तिनं एकोणीस वर्षं पोट भरलं. गावोगाव फिरून नाचगाण्यांचे, विनोदाचे खेळ करायच्या आमच्या धंद्यात तेवढी पुरतात, कारण दर सोमवारी गाव बदलतं आणि विनोद शिळा व्हायच्या आत बाई गाडीत बसलेली असते. आमच्या क्विन्सी गावाची पाळी ऑक्टोबरात यायची. इथल्या थिएटरात पियानो मी वाजवते, ऑगस्टा रुम्फ माझं नाव, हेट्टी गस्टे म्हणायची. आठवडाभर हेट्टी माझ्याकडेच उतरायची, माझं बटाट्याचं सूप वाडगं भरभरून ओरपायची आणि वर त्याला नावं ठेवायची.

कीओक गावातल्या एका सिगार वळणाऱ्याची ही मुलगी. अकराव्या वर्षी लोक बिअर प्यायला जमायचे तसल्या एका बागेत लाकडी बूट घालून नाचायला लागली. लग्न केलं ते कसरती करणाऱ्याशी, आणि दोन वर्षांत तो दुसरीचा हात धरून पसार झाला. "उड्या मारायची सवयच होती मेल्याला," एवढंच ती म्हणायची. तिचं गाणं होतं 'मेबल, दार उघड'. छापील गाणं, दुकानात कुणालाही मिळायचं. पण हेट्टी म्हणायला लागली की दाराबाहेर अडकलेल्या त्या दारुड्या नवऱ्याची कीव यायची आणि हसूही आवरायचं नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. सोमवारी सकाळी ज्यानं त्यानं आपल्या सुरांची वही रंगमंचाच्या कडेला, दिव्यांपाशी ओळीनं ठेवायची. जिची वही आधी, तिची तालीम आधी. दोघींकडे एकच गाणं निघालं तर ते आधी आलेलीचं. दुसरीनं आठवडाभर ते तोंडातून काढायचं नाही. म्हणून हेट्टी दर सोमवारी कुलूप निघायच्या आधी दारात उभी असायची.

१९१६ च्या ऑक्टोबरात तिची आगगाडी नदीच्या पुलापलीकडेच रखडली. लिओना म्हणून एक पोरगी होती, धंद्यात जेमतेम दुसरा आठवडा. ती सातलाच वही ठेवून ट्रंक आणायला स्टेशनवर गेली. मी सहज वही उघडली. पहिल्याच पानावर मेबल.

हेट्टी तेव्हा एक्कावन्नची होती, पावडर थापून पस्तिशीची दिसायची. मॅनेजर ब्रिंकमननं मला आधीच ऐकवलं होतं, "म्हातारी झाली ती. या खेपेला लोक हसले नाहीत तर नाव कापतो." त्याचा शेरा वर कंपनीच्या कचेरीत गेला की पुढची चाळीस गावं बंद. आणि मेबलशिवाय कोण हसणार होतं?

साडेनऊला हेट्टी धापा टाकत आली, वही दुसऱ्या जागेवर ठेवली आणि तोंड धुवायला गेली. थिएटरात चिटपाखरू नव्हतं. मी दोन्ही वह्यांची अदलाबदल केली. खोटं कशाला बोलू, तेव्हा जराही लाज वाटली नाही.

दहाला सगळे जमले. "पहिली क्रॉली," मी म्हटलं. लिओनाचे कान लाल झाले. पण बोलली ती हेट्टीच.

"गस्टे, माझी वही दुसरी होती."

"पहिली होती. विसरायला लागलीस हल्ली."

"विसरायला मी काय तुझ्यासारखी साठीची आहे?" मग ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "मोठमोठ्या नावाच्या बायांचा या गाण्यावर डोळा होता. दर वेळी या नियमानंच मला वाचवलंय. आज माझ्यावर उलटला म्हणून मोडू?" आणि लिओनाकडे वळून, "घे पोरी, गाणं तुझं."

लिओनानं ते घेतलं.

दुपारच्या खेळाला हेट्टी गाण्याशिवाय उभी राहिली. तिनं लहानपणचा लाकडी बुटांचा नाच काढला, पण गुडघे साथ देईनात. मागून कुणीतरी मेबलच्या नावानं हाक मारली. "मेबलनं बिऱ्हाड बदललंय," ती म्हणाली. चारदोन माणसं हसली. बारा मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. खेळ सुटल्यावर ब्रिंकमननं दाराशी लावलेले तिचे फोटो काढून तिच्या खोलीत पाठवून दिले. फोटो परत आले की समजायचं, काम संपलं.

संध्याकाळी लिओना माझ्या पियानोपाशी आली. डोळे सुजलेले.

"रुम्फबाई, सकाळी स्टेशनवर मी त्यांना गाडीतून उतरताना बघितलं. लगेच ओळखलं. हे गाणं मी त्यांचं ऐकूनच शिकलेय. माझ्याकडे आणखी दोन आहेत, म्हटलं मेबल सोडून द्यावी. तेच सांगायला आले, तर माझी वही हललेली. नवी म्हणून मला बनवताय असं वाटलं, आणि डोकंच फिरलं. त्यांनी गाणं दिलं तेव्हा रागानं घेतलं मी."

सकाळी मी नुसती हातावर हात ठेवून बसले असते तरी हेट्टी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोचवायला स्टेशनवर गेले. कीओकला बहिणीचं टोप्यांचं दुकान होतं, ती तिकडे निघाली होती. गाडी आत येत होती तेव्हा तिनं माझा हात धरला.

"गस्टे, एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं. तू बोललीस. तेवढं एक बरोबर घेऊन चाललेय."

मी तिची पेटी डब्यात चढवून दिली. लिओना काय म्हणाली ते तिला कधीच सांगितलं नाही.