तुलनाबाईंनी मागे घेतलेला मुद्दा

विधी महाविद्यालयात सगळे त्यांना तुलनाबाई म्हणत. देशोदेशींच्या न्यायपद्धती शेजारी शेजारी मांडून शिकवणं हा त्यांचा विषय, आणि तुलना करणं हा स्वभाव. बसमध्ये चढल्या की कालचा वाहक बरा होता की आजचा, हे उतरेपर्यंत ठरलेलं असे.

"माझ्याशी लग्न करताना कोणाशी तुलना केली होतीस?" नवरा विचारी.

"तेव्हा विषय शिकले नव्हते ना!"

शिकवायच्या मात्र झकास. "तीन घरं डोळ्यांपुढे आणा," त्या सांगत. "पहिल्या घरात सगळे नियम लिहून भिंतीवर लावलेत. भांडण झालं की भिंतीकडे बघायचं. हे रोमन वळणाचं घर. एका रोमन बादशहानं विखुरलेले कायदे गोळा करून घेतले, शेकडो वर्षांनी फ्रेंचांनी त्याच वळणावर आपली संहिता रचली आणि कितीतरी देशांनी ती उचलली. दुसऱ्या घरात भिंत कोरी. तिथे विचारतात, ताईच्या वेळी काय केलं होतं? मग धाकटीलाही तेच. हे इंग्रजांचं घर, गावोगाव फिरणाऱ्या न्यायाधीशांच्या निकालांतून उभं राहिलेलं. तिसऱ्या घरात आजोबांना विचारतात, धर्मग्रंथात काय सांगितलंय?"

"बाई, आमच्याकडे आई ओरडेल तो कायदा!" मागून कोणीतरी म्हणे.

"ती रूढी. तीही अभ्यासक्रमात आहे. बस खाली."

पण वकिलीच्या परीक्षेला हा विषय लागत नसे, त्यामुळे वर्ग आटत आटत चौघांवर आला. विषय बंद करायचा की ठेवायचा, यासाठी बैठक लागली. बाईंच्या नोकरीला धक्का नव्हता, निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. पण ज्या विषयात आयुष्य गेलं तो वेळापत्रकातून पुसला जाणार, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

"शांतपणे बोल, भांडू नकोस," निघताना नवऱ्यानं बजावलं.

"मी कधी भांडते?"

"यादी देऊ?"

बैठक प्राचार्यांच्या खोलीत होती. काचेच्या टेबलावर चहा, बिस्किटं. प्राचार्यांनी नियमावली उघडली. "विषयाला विद्यार्थी नसतील तर तो बंद करता येतो. स्पष्ट आहे."

"चार आहेत की," बाई म्हणाल्या.

"चार म्हणजे नसल्यातच जमा," करार कायद्याचे प्राध्यापक म्हणाले. त्यांचा वर्ग ओसंडून वाहत होता आणि बाईंच्या खोलीवर त्यांचा डोळा होता.

कार्यालयाच्या अधीक्षक मॅडमनी चष्मा वर सरकवला. "मागे रोमन कायद्याचा पेपर असाच बंद केला होता. तेव्हा तर सहा होते."

संस्थापकांचे पुतणे विश्वस्त होते, ते रुसून म्हणाले, "आमच्या काकांची इच्छा काय होती, हे कोणी विचारतंय का?"

बाईंना हसू आवरेना.

"काय झालं?" प्राचार्य.

"काही नाही सर. एकानं लिखित नियम काढला, एकीनं जुना दाखला, एकानं पूर्वजांचं वचन. माझा सगळा अभ्यासक्रम या टेबलावर होऊन गेला, तोही चहा संपायच्या आत!"

प्राचार्यही हसले. ती संधी साधून बाई म्हणाल्या, "रोमन कायद्याची गोष्ट वेगळी होती. ते सर निवृत्त झाले आणि शिकवायला माणूसच उरला नाही, म्हणून पेपर गेला. इथे मी धडधाकट बसले आहे."

"हे पटलं!" प्राचार्य म्हणाले. "लिहा मॅडम. शिकवणारी व्यक्ती आहे, म्हणून विषय राहील."

अधीक्षक लिहू लागल्या. बाईंनी समाधानानं कप उचलला आणि तो अर्ध्या वाटेतच थांबला. निकाल आजच्यापुरता असतो, त्याचं कारण मात्र पुढेही लागू होतं, हे त्या स्वतःच दरवर्षी शिकवत. दोन वर्षांनी त्या घरी बसल्या की हाच कागद निघणार. शिकवणारी गेली, विषय गेला!

"थांबा. मी माझा मुद्दा मागे घेते."

"अहो, जिंकलात तुम्ही!"

"तेच तर चुकलं. माझ्याबरोबर घरी न्यायला विषय म्हणजे काय माझी पर्स आहे? विद्यार्थ्यांवरच ठरवा. पुढच्या सत्रात वर्ग भरला तर विषय राहील, शिकवायला कोणीही असो. नाही भरला तर खुशाल बंद करा."

"भरला म्हणजे किती?" करारवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या वर्गाच्या निम्मा."

"बाई, घरी जाऊन झोपा!" ते हसले, पण तसंच लिहिलं गेलं.

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारला. बाईंनाही रात्री धड झोप आली नाही. सकाळी त्या थेट करारवाल्यांकडे गेल्या आणि त्यांच्याच वर्गातली दहा मिनिटं मागितली. जिंकल्याच्या खुशीत त्यांनी ती दिली.

"तलावात एक अनोळखी माणूस बुडतोय," बाईंनी सुरुवात केली. "तुम्ही काठावर. जिवाला धोका न होता त्याला वाचवता येईल, तरी तुम्ही नुसते बघत राहिलात. हा गुन्हा आहे का?"

वर्गात एकच गलका. आहे! नाही! पोरं बाकांवरून उठून भांडू लागली.

"फ्रान्समध्ये आहे," बाई म्हणाल्या. "इंग्लंडमध्ये, तो तुमचा कोणी लागत नसेल, तर सहसा नाही. माणूस तोच, पाणी तेच."

"असं का, बाई?"

"ते माझ्या वर्गात सांगेन." आणि त्या निघाल्या.

करारवाले मागोमाग बाहेर आले. "अहो, पण का?"

"नाव नोंदवा," बाई म्हणाल्या.

नोंदणीला अशी झुंबड उडाली की अधीक्षकांना वरच्या मजल्यावरून बाकं आणवावी लागली.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. पेन्शनच्या कामासाठी महाविद्यालयात गेल्या तेव्हा त्या सूचनाफलकापाशी थांबल्या. नव्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं, एका तरुण प्राध्यापिकेचं होतं. विषय मात्र होता, आठवड्यातून तीनदा. बाईंनी तिन्ही वेळा बोट ठेवून वाचल्या आणि जिना चढून कार्यालयात गेल्या.