सोजराबाईचा गरम खांदा

साखरा गावात पंचायतीनं ओपन जिमची यंत्रं बसवली, तेव्हा त्यांवर पोरांपेक्षा म्हाताऱ्याच जास्त चढल्या. सोजराबाई सगळ्यांच्या पुढं. दोन्ही पाय मागंपुढं हलवायचं यंत्र तिचं लाडकं. एकदा तिनं झोक्यासारखा जोर लावला, पदर अडकला आणि बाई उजव्या खांद्यावर आपटली. हाडाचा असा चुरा झाला की नांदेडच्या डॉक्टरांनी सांधाच बदलून टाकला.

गावाला वाटलं, आता ही खचणार. पण ती जीपमधून उतरली ती निवडणूक जिंकल्यासारखी. त्याला कारण शेजारची भिकाबाई. तिनं आदल्या साली गुडघा बदलला होता, आणि तेव्हापासून कुणी नुसतं कण्हलं तरी तिचं गुडघापुराण सुरू व्हायचं.

"तुझा गुडघा लुगड्याखाली झाकलेला," सोजराबाई तिला म्हणाली. "माझा खांदा चारचौघांत दिसतो."

"पन माझ्या गुडघ्याला पुवाचा टिपूस आला न्हाई!"

"मग माझ्या खांद्याला येऊन राहिला का?"

इथंच बाई अडकली. कारण थोड्याच दिवसांत टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आली आणि मग चिकट पाणी झिरपायला लागलं. पाणी आलं की लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जायचं म्हणजे भिकाबाईच्या दारावरून जायचं. सोजराबाईनं घरची हळद थापली, वरून फडकं बांधलं आणि गप्प बसली.

"आत्याबाई, झंपर काहून ओला झाला?" सून सपनानं विचारलं.

"घाम हाय."

"एकाच खांद्याला?"

"नवा हाय ना तो. सवय न्हाई त्याला उन्हाची."

नवऱ्याचा, कोंडीबाचा, हात चुकून खांद्याला लागला आणि तो दचकला. "अगं, तापून राहिला की हा!"

"नवं इंजिन गरम व्हतंच. तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

कोंडीबानं मान डोलावली. गावात नवीन ट्रॅक्टर आला, तेव्हा तोही तापायचा, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

एप्रिलात जयंतीच्या दिवशी विहारात माणसं पंख्याखाली जागा धरून बसली होती, आणि सोजराबाई चादर पांघरून कोपऱ्यात कुडकुडत होती. वंदना संपली तशी भिकाबाई सरकत सरकत आली आणि तिनं चादरीत हात घातला.

"बाई गं! यावर भाकर टाकली तर टम्म फुगंल!"

"हळू बोल," सोजराबाई कळवळली.

भिकाबाईला हळू बोलता येत नव्हतं. सगळा विहार वळून पाहायला लागला. सोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मनात दाबलेलं तोंडातून निघून गेलं. "भिके, डॉक्टर हातच काढून टाकतील गं माझा."

भिकाबाईनं तिची चादर ओढून काढली. मग म्हणाली, "हात न्हाई राह्यला तर माझ्याशी भांडताना हातवारे कशानं करशील? उठ!"

मुलानं, प्रज्ञेशनं, गाडी आणली. पुढच्या सीटवर भिकाबाई कुणी न बोलावता बसली आणि वसमत मागं पडेपर्यंत मागं वळून शिव्या देत राहिली. तापानं ग्लानी येत असलेल्या सोजराबाईला त्या ऐकून जरा बरं वाटलं.

डॉक्टरांनी हळदीनं पिवळा झालेला खांदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हळद वरणात घाला! पहिल्यांदा पाणी आलं तेव्हाच आला असतात तर कदाचित धुऊन भागलं असतं. आता जंतू सांध्याला जाऊन चिकटलेत."

हात राहिला, पण बसवलेला सांधा काढावा लागला. आत जंतू मरेपर्यंत औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा बसवला.

"सिमेंट?" कोंडीबानं कान टवकारले. त्याचा जन्म गवंड्याच्या हाताखाली गेला होता. "मंग साहेब, रोज पानी मारावं लागंल?"

"अजिबात नाही. पाणी लागताच कामा नये."

"तडे जातील, साहेब."

"नाही जाणार, बाबा."

"वाळू चाळलेली व्हती ना?"

डॉक्टरांनी त्याला हळूच दाराबाहेर नेलं. खाटेवर सोजराबाई इतकी हसली की टाक्यांतून कळ गेली, आणि मग त्या कळेनं रडली.

पुढं सलाईनच्या बाटल्या, सुया आणि रक्ताच्या तपासण्या यांतच उन्हाळा सरला. तपासण्या चांगल्या आल्यावर दुसरा सांधा बसवला. जखम कोरडी राहिली. पण हात खांद्याइतकाच वर जातो, त्याच्या वर नाही. सोजराबाईला भाकरी थापता येते, केसांपर्यंत मात्र हात पोचत नाही.

म्हणून सकाळी भिकाबाई फणी घेऊन येते. ती केस असे ओढते की सोजराबाईच्या भुवया कपाळावर चढतात. परवाची वेणी एका कानामागून निघून दुसऱ्या कानावर जाऊन बसली. सोजराबाईनं आरशात पाहिलं.

"ही वेनी हाय का बैलाचं दावं?"

"मंग घाल तुझी तू."

"सोड आन् पुन्हा घाल. चहा ठेवलाय तुझा."

भिकाबाईनं पुटपुटत वेणी सोडली आणि पुन्हा ओढायला सुरुवात केली.