पिवळ्या स्वेटरची तीट

चंदीगडला गेलो तेव्हा मला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या सांगलीकडे थंडी म्हणजे आंघोळीचं पाणी जरा जास्त तापवायचं, एवढाच तिचा मान. स्वेटर घालायचा तो दमेकऱ्यांनी. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत यांची केंद्र सरकारच्या एका कचेरीत तिकडे बदली झाली, आणि दिवाळी सरते न सरते तोच क्वार्टरांच्या मधल्या गवतावर सगळ्या बायका सुया घेऊन उतरल्या. खाटा टाकल्या, शेंगदाण्यांच्या पुड्या सुटल्या. मी आपली वरून बघत उभी.

समोरच्या क्वार्टरमधली पंजाबी बाई जिना चढून वर आली आणि म्हणाली, "भैणजी, आपके पास ऊन है?"

मी अभिमानानं खिडकी उघडून दाखवली. "हां जी, बहुत है. सुबह से शाम तक हमारे ही घर में रहता है."

तिनं त्या खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. मग तिला कळलं आणि ती जिन्याच्या कठड्याला धरून हसली. लोकरीला तिकडे ऊन म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सूर्याचं ते ऊन आणि मेंढीची ती लोकर, हे मी खाली जाऊन सगळ्यांना समजावून सांगितलं, तर त्या आणखीच हसल्या. तो सबंध हिवाळा नवी बाई गवतावर आली की तिला आधी माझ्या उन्हाची गोष्ट ऐकायला मिळायची. सांगणारी अर्थात समोरची.

पण हातात सुया दिल्या त्याही तिनंच. टाक्यांना ती फंदे म्हणायची. "फंदे डालो, भैणजी," असं ती म्हणाली की मला माझी आई आठवायची, "नसत्या फंदात पडू नकोस" म्हणणारी. मी पडले. दोन हिवाळ्यांत सुलट, उलट, जाळी, वेणी सगळं शिकले. आणि जसजशी शिकत गेले तसतसं ती किती पुढे आहे ते कळत गेलं. नवशिक्याला हेवा वाटत नाही, कारण त्याला काही दिसतच नाही. थोडं येऊ लागलं की मग पोटात दुखायला लागतं.

ती सुयांकडे बघायचीच नाही. गप्पा मारायची, कामवालीवर ओरडायची, रस्त्यावरून कोण गेलं त्याची चौकशी करायची आणि खाली हातांत स्वेटरच्या पाठीचा भाग वाढत असायचा. मी मराठीत मोठ्यानं टाके मोजायची, आणि मध्येच कुणी "चाय पीओगे?" विचारलं की माझी सगळी ओळ गेलीच. बाजारात एखाद्या परक्या बाईच्या अंगावर नवा नमुना दिसला, की ही सरळ तिला थांबवायची. "एक मिनट, बहनजी," म्हणून स्वेटरचा काठ उलटा करून आतली बाजू बघायची. त्या बायकाही मुकाट्यानं उभ्या राहायच्या, तिकडे त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. घरी येईपर्यंत नमुना हिच्या डोक्यात उतरलेला असायचा. मला त्या हातांचा इतका राग यायचा की एकदा तिच्या बोटाला सुरी लागली तेव्हा आधी बरं वाटलं, आणि मग मी हळद घेऊन धावले.

तरी हाताचा हेवा मी गिळला असता. माझी खरी आग होती ती लेकीवरून.

समोरचीला दोन मुलगेच. ते मोठे झालेले, फुलंबिलं असलेलं काही अंगाला लावून घेत नसत. मग हिची सगळी हौस माझ्या एकुलत्या एका लेकीवर. आयत्या बिळावर नागोबा! गुलाबी बोलेरो जाकीट काय, गोंड्यांची टोपी काय, कोपरापर्यंतचे हातमोजे काय. लेक शाळेतून आली की दप्तर आमच्या दारात आणि ती समोर. घरात मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. समोर मात्र अस्सल पंजाबीत लाडीगोडी चाले. मी विणलेला पहिला स्वेटर तिनं एकदा घातला आणि मान वेडीवाकडी करत काढून टाकला. "चुभता है." समोरचीचा मात्र झोपतानाही अंगातून काढू द्यायची नाही.

एकदा शाळेच्या फाटकाशी तिच्या बाईंनी त्या गुलाबी बोलेरोची बाही चिमटीत धरली. "कितना प्यारा है! किसने बनाया?"

"आंटी ने," माझी लेक म्हणाली. मी शेजारीच तिची पाण्याची बाटली गळ्यात अडकवून उभी होते. बाईंनी माझ्याकडे बघून उगाच मान डोलावली, त्यांची कीव मला घरापर्यंत पुरली.

त्या दिवशी मी ठरवलं. असा स्वेटर करायचा की लेकीला कुणी विचारलं तर तिच्या तोंडून माझं नाव निघालं पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

लोकर आणायला मी मुद्दाम एकटी गेले. एरवी बाविसाव्या सेक्टरच्या बाजारात आम्ही दोघी एका रिक्षात जायचो. ती लोकरीची लड आधी गळ्याला घासायची, मग धागा ओढून त्याला पीळ किती ते बघायची, आणि मला दटावायची, "हाथ से मत पूछो भैणजी, हाथ तो झूठ बोलता है." मी आपली रंगावर भाळणारी. दुकानदारानं मला बघताच विचारलं, "आज वो बहनजी नहीं आईं?" म्हणजे इथंही तीच. तो अंगूरी, प्याजी, बदामी अशा लडी माझ्यापुढे टाकत गेला. मी प्रत्येक लड गळ्याला घासून बघितली, विद्या तिचीच पण काय करता. शेवटी झेंडूच्या फुलासारखा पिवळा रंग घेतला. तो तिच्या हातून कधी विणला गेला नव्हता, एवढंच मला पक्कं माहीत होतं.

नमुना मात्र माझा. ट्रंकेतून लग्नातला शालू काढला आणि त्याच्या पदरावरची कोयरी टाक्यांत कशी बसेल ते बघत बसले. पंजाबभर फिरली असती तरी तिला ती कुणाच्या स्वेटरवर सापडली नसती. तो जवळजवळ सगळा हिवाळा मी गवतावर गेले नाही. घरात, पडदे ओढून, बोटं गारठलेली, शाल गुडघ्यांवर. खाली ती विचारायची, भैणजी रुसल्या का? लेक सांगायची, "तबीयत ठीक नहीं है." ते खोटंही मीच पढवलेलं. किती वेळा उसवलं ते विचारू नका. कोयरीचं टोक एकदा उजवीकडे वळे, एकदा डावीकडे, एकदा तर ती सरळ वांग्यासारखी दिसायला लागली.

पण झाला. लेकीनं घातला, आरशासमोर गोल फिरली आणि म्हणाली, "ये तो चुभता ही नहीं." दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं म्हणे. मी विचारलं, मग काय सांगितलंस? "आई ने बनाया," असं म्हणून ती खेळायला पळाली. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

मग तिला घेऊन मी मुद्दाम गवतावर उतरले. समोरचीनं लेकीला जवळ ओढलं, काठ उलटा केला, आतली बाजू बघितली. बराच वेळ बघितली. "हाय, कितनी सोहणी!" ती म्हणाली. "भैणजी, ये अंबी कैसे डाली?"

अंबी म्हणजे माझी कोयरी. याच प्रश्नासाठी मी हिवाळाभर थंडीत बसले होते. तरी तो ऐकून मला आनंद होईना. तिची नजर त्या स्वेटरवरून हलतच नव्हती, आणि दोन्ही हात माझ्या लेकीच्या खांद्यांवर होते. त्या संध्याकाळी लेकीला कणकण आली. झालं. मी काळ्या लोकरीनं स्वेटरच्या खांद्यावर एक टाका भरला. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात तशी ती तीट. लेकीनं विचारलं, हे कशाला? डोक्यात राग होताच. "समोरच्या आंटीची नजर लागू नये म्हणून," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. तिनं पांघरूण ओढून तोंड फिरवलं, म्हणजे तिच्या डोक्यात शिरलं नसावं असं मी धरून चालले.

ताप उतरला. लेक पुन्हा समोर जाऊ लागली. एक दिवस घरी आली तर खांद्यावर तीट नव्हती.

मी तिचा हात धरून तशीच खाली गेले. समोरची खाटेवर विणत बसली होती, आणखी दोघीतिघी होत्या. "वो काला धागा आपने निकाला?"

"हां, फँस गया था ना," ती म्हणाली. "इतने सुंदर स्वेटर में दाग जैसा दिखता था."

"फँसा नहीं था. मैंने डाला था. नजर के लिए."

ती हसली. "अच्छा, काला टीका! हमारे यहां भी लगाते हैं. पर इस गुड़िया को किसकी नजर लगनी है?"

लेक खाटेच्या कडेला बसून शेंगा सोलत होती. मान वरही न करता ती म्हणाली, "आपकी. आई ने बोला था."

सगळ्या सुया थांबल्या. समोरचीच्या सुया थांबलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. मला वाटलं, आता ही भांडणार, आणि खरं सांगते, तिनं भांडावं असंच मला वाटत होतं. भांडली असती तर लेक तरी माझी राहिली असती.

तिनं पिशवीत हात घालून काळी लोकर काढली, सुईत ओवली. "इधर आ, पुत्तर," म्हणून लेकीला समोर उभं केलं. "तेरी आई ठीक कहती है. मेरी लग सकती है. मेरी ही लगेगी." डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढून सुई चालवत राहिली. लेक तिच्या गुडघ्यांना टेकून अगदी शांत उभी होती. माझ्यापुढे माप द्यायलाही ती कधी अशी उभी राहिली नव्हती.

गाठ मारून तिनं दातानं धागा तोडला. माझी तीट ओबडधोबड होती, वर फुगून आलेली. हिची पिवळ्या टाक्यावर इतकी अचूक बसली होती की जणू विणतानाच घातली असावी.