व्हर्नाने न फेकलेला चेंडू

व्हर्ना कोवाचने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि तेवढीच वर्षं रिव्हरहॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानात डाव्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून घसा फोडला. संघ हरायचा, त्याची तिला सवय होती. पण मालकाला जिंकायचंच नाही, हे कळल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

चार हंगामांत त्याने एक धड खेळाडू घेतला नाही. त्याचा व्यवस्थापक टीव्हीवर येऊन तेच दळण दळायचा, 'आम्ही भविष्य घडवतोय.' आणि जुलैत त्यांनी एलाडिओलाच विकून टाकलं. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा आलेला, याच मैदानात मोठा झालेला एलाडिओ! व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भविष्य म्हणे! मी सदुसष्ट वर्षांची. माझं भविष्य म्हणजे गुरुवारी दातांचा डॉक्टर," ती शेजारच्या बाकावरच्या लेस्टरला म्हणाली.

ऑगस्टमध्ये एलाडिओ आला तो पाहुण्या संघाचा करडा सदरा घालून. सहाव्या इनिंगमध्ये त्याने असा काही टोला हाणला की चेंडू थेट बाकांत येऊन आदळला आणि व्हर्नाने तो झडप घालून पकडला.

पाहुण्यांनी मारलेल्या होमरनचा, म्हणजे थेट बाकांत आलेल्या टोल्याचा, चेंडू इथे कुणी घरी नेत नाही, तो तिथल्या तिथे मैदानात भिरकावतात. या बाबतीत सगळ्यात कडक व्हर्नाच. लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या जोडप्यालाही तिने सोडलं नव्हतं.

"फेक! फेक!" सगळा कोपरा ओरडू लागला.

"फेक की गं," लेस्टर कुजबुजला, "नाहीतर उद्यापासून इथे तुला कोण विचारणार?"

तिलाही तेच वाटत होतं. तिने हात उगारलासुद्धा. मग ती बाकावर चढली, मैदानाकडे पाठ केली आणि वरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या मालकाकडे चेंडू रोखला.

"पाहुण्याचा चेंडू फेकतात! हा आपल्या पोराचा आहे! ज्या मेल्याने त्याला पाहुणा केलं, त्याने खाली यावं आणि माझ्या हातून घेऊन दाखवावा!"

ओरडा थांबला. लेस्टर उठला आणि त्यानेही मैदानाकडे पाठ केली. मग मागची रांग, मग तिच्या मागची. खेळ चालूच होता, बघायला कुणी नव्हतं.

काचेवर पडदा ओढला गेला.

"बघ," व्हर्ना म्हणाली, रागाने तिचे डोळे भरून आले होते, "चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने आपल्याकडे पाहिलं."