गोंदलेला हात

बाळ रडत नव्हतं. सुनेच्या उशाशी मी उभी होते. नर्सने कोटाची बाही कोपराच्या वर सारली आणि फडक्याने बाळाची पाठ चोळू लागली. तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नाग गोंदलेला. सकाळीच मोठ्या सिस्टरने तिला दटावलं होतं, "बाही खाली घे बाई, इथे चांगल्या घरच्या बायका येतात. पुन्हा दिसलं तर नोकरी जाईल."

माझ्या सासूने न गोंदलेल्या सुनेच्या हातचं पाणी घेतलं नसतं, म्हणून मला लग्नाआधी धरून गोंदलं. या पोरीची मात्र गोंदलं म्हणून नोकरी जायची वेळ. तो नाग बाळाच्या पाठीवर न थकता वरखाली होत होता. मी बघतच राहिले. इतका खंबीर हात मी जन्मात पाहिला नव्हता.

मग बाळ रडलं. ती माझी नात. आता दुसरीत आहे.