सुनावणीच्या तोंडावर बदली

सुनावणी मंगळवारी, कोळगावला, जिल्हा कचेरीत. आणि सोमवारी सिस्टरची बदली! मी पत्रकांचा गठ्ठा कॉन्व्हेंटच्या टेबलावर आपटला.

सालवडला आमच्या चाळीच्या बोअरिंगच्या पाण्याला कारखान्याच्या सांडपाण्याचा वास मारतो. दवाखाना चालवणाऱ्या या सिस्टरनंच दारोदार फिरून सुनावणीसाठी बायका गोळा केल्या होत्या. बायकांची अट एकच: सिस्टर असेल तरच येऊ.

"ही बदली कुणी घडवून आणली, कळत नाही तुम्हाला?" मी ओरडले.

"मला माहीत नाही. तुलाही नाही." ती नव्या सिस्टरला औषधांचं कपाट दाखवत होती.

"मग दोन दिवस थांबते म्हणा!"

"विचारलं मी मदरना. नाही म्हणाल्या."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"व्रत घेतलंय गं. मनासारखं असेल तेव्हाच पाळायचं, तर त्याला व्रत कशाला म्हणायचं?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. आज्ञापालन सद्गुण असेल. पण त्याचा फायदा कुणाला होतो, हे विचारायचंच नाही?

इतक्या वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं. निघण्यापूर्वी ती चॅपलमध्ये गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी आणखीच चिडले. रडायचं होतं, तर आधी भांडायचं होतं! तिला घेऊन जीप मनोरच्या दिशेनं गेली.

मंगळवारी टेम्पो उभा, बायका उभ्या, चढायला कुणी तयार नाही. तेवढ्यात नवी सिस्टर आली.

"मी येऊ?"

भाजी विकणाऱ्या मावशीनं तिला खालीवर न्याहाळलं. "सायबासमोर बोलशील काय?"

"नाही. मला इथलं काहीच माहीत नाही. नुसती बसेन तुमच्याबरोबर."

"घ्या! बोलणारी नेली, नि ही मुकी धाडली." बायका हसल्या. सिस्टरही हसली आणि टेम्पोत चढून एकटीच बसली. मावशी बघत राहिली. मग म्हणाली, "चला गं. हिला एकटीला धाडायची काय?"

कोळगावला साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या त्या सिस्टर कुठायत? त्याच बोलणार होत्या ना?"

मी पत्रक घेऊन उठणार, तोच मावशी पुढं झाली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि साहेबांच्या नाकासमोर ठेवली.

"सिस्टर गेली, सायब. पानी हाय. वास घ्या."

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.