इंटेल नसलेल्याची बडबड

समुद्रपूरच्या बसस्टँडमागे तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नाव मी विचारलंच नाही, कारण माझं सगळं लक्ष माझ्या वीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरकडे होतं. माझ्या नाटकाची एकुलती एक प्रत त्यात अडकली होती आणि प्रयोग परवावर आला होता.

त्याने सवयीने बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करायची लिनक्सची सीडी घातली. कॉम्प्युटर ढिम्म.

"याच्यात इंटेलची चिप नाई, भाऊ. याले याच्याच बोलीतलं लिनक्स लागते." त्याने सीडी बदलली आणि ताप पाहावा तसा कॉम्प्युटरच्या पाठीवर तळवा ठेवला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावू लागली.

"मेला का हो?" मी किंचाळलो.

"मेला असता तं बडबडला असता का?"

फाईल सापडली. माझ्या थरथरत्या हातांकडे पाहत त्याने नाटकाचं नाव मोठ्याने वाचलं, "मी कोणाले भेत नाई!"